देवाच्या कानावर

माझ्या विहीणबाईंनी माझ्या नातीला चिमटा काढला, तो मी या दोन डोळ्यांनी पाहिला. तोही देवासमोर, पूजा चालू असताना.

पुजारी पुढे उभा होता. डोक्यावर काळी उंच टोपी, अंगात पांढरा घोळदार झगा, हातात कागदाच्या पट्ट्या बांधलेली काठी. ती काठी त्याने आमच्या डोक्यांवरून सर्र सर्र फिरवली आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली, पण डोळे वर ठेवले. कीर्तनात बसलं तरी एक डोळा दारातल्या चपलांवर ठेवायची सवय, ती जपानला गेलं म्हणून सुटत नाही. म्हणून तर दिसलं. फुमिएबाईंच्या मांडीवर बाळ, बाळावर रेशमी किमोनो, आणि त्या किमोनोखालून त्यांचा हात हळूच सरकला, बाळाच्या मांडीपाशी थांबला आणि दोन बोटं आवळली गेली.

माझं कणकवलीत पिको-फॉलचं दुकान आहे. कापडाखाली बोटं काय करतायत ते मला वरून कळतं.

"केतकी," मी लेकीच्या कानाशी लागले, "तुझ्या सासूने चिमटा काढला."

"आई, गप्प बस."

"अगं, मीनाला काढला!"

"आई, पूजा चालू आहे."

ज्या पोरीला चिमटा काढला ती मात्र ढाराढूर झोपलेली. ओठ सुद्धा हलला नाही.

या गोष्टीला आता सात वर्षं झाली. तेव्हा मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते आणि पहिल्यांदाच विमानात बसून केतकीच्या बाळंतपणाला गेले होते. क्योटोपासून गाडीने तासाभरावर त्यांचं गाव. माझ्या दोन बॅगांतली एक निव्वळ डिंक, हळीव, बाळंतशेपा आणि खोबरेल यांची. आमचे हे एस.टी. स्टँडवर सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "सगळं कर, पण तोंड आवर." पहिल्याच दिवशी मी बाळाला धुरी दिली तर घराचं छत किंचाळायला लागलं आणि वरच्या मजल्यावरचा माणूस आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन दारात. त्यानंतर धुरी बाल्कनीत. बाकी माझं कुणी काही अडवलं नाही. जावई शिन्या गरीब स्वभावाचा. मराठी शिकला होता, पण सगळं केतकीच्या तोंडून, त्यामुळे मला "आईसान" म्हणायचा आणि अगंतुगं करायचा.

त्याची आई फुमिएबाई. चौसष्ट वर्षांच्या, नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, उंचीला माझ्या खांद्याशी. दर रविवारी गोड उसळीच्या सारणाचे लाडू घेऊन यायच्या, गुडघे जुळवून बसायच्या आणि मी मीनाला पायांवर घेऊन तेल लावायला लागले की "हे-ए-ए" असा आवाज काढायच्या. तो कौतुकाचा की काळजीचा, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आमचं बोलणं केतकीमार्फत. मी दहा वाक्यं बोलायचे, ती दोन शब्द बोलायची. मधली आठ वाक्यं कुठे जायची कोण जाणे.

बाळाचं नाव मीना ठेवलं, का तर दोन्ही भाषांत चालतं. चालतं खरं, पण आमच्या आळीत तीन मीना आहेत आणि तिन्ही सासवा आहेत. तेही मी गिळलं.

मग केतकीने देवळाचं काढलं.

"तेहतिसाव्या दिवशी बाळाला देवळात न्यायचं असतं. या वस्तीचा जो देव आहे त्याच्याकडे."

"सव्वा महिना व्हायच्या आत? बाळंतीण उंबऱ्याबाहेर?"

"अगं, यांच्याकडेही पूर्वी सोयर पाळायचे. म्हणून आईने बाळाला घ्यायचंच नाही. बाबाच्या आईने घ्यायचं, तिनेच देवापुढे न्यायचं."

सोयर पाळतात म्हटल्यावर मला ही माणसं एकदम बरी वाटायला लागली. पण म्हटलं, पुढचंही विचारून घ्यावं.

"आणि देव काय करतो?"

"बाळाला आपल्यात घेतो. म्हणजे ती मग त्याच्या माणसांतली."

"मग मी कुठली माणसं?"

"आई, सुरू करू नकोस."

मी सुरू केलं नाही. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. परतीचं तिकीट एकोणचाळिसाव्या दिवसाचं होतं. सहा दिवसांनी मी निघून जाणार आणि ही पोर इथल्या देवाच्या खात्यात जमा. माझी मागणी फार नव्हती. तो देव मीनाला पहिल्यांदा बघेल तेव्हा ती माझ्या हातात असावी, बस. या पोरीला आणखी कुणी आहे, लांब आहे पण आहे, हे त्याला दिसावं. मी केतकीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "रीत आहे गं, मी कसं सांगू?" तिचा चेहरा बघून मी विषय सोडला. विषय सोडला, इच्छा नाही.

मग ठरवलं, हातात नाही तर नाही, पोर तरी अशी तयार करून देईन की कुणी नाव ठेवायला नको. बरोबरची माणसं काय म्हणतील, हिंदुस्थानातून आजी आली आणि बाळ बघा किती रडकं! त्या दिवशी पहाटे उठून मीनाला असं चोळलं, असं चोळलं, की दुकानात दिवाळीच्या आधीही हात चालत नाहीत तसे चालले. पाठ, पोटऱ्या, टाळू. मग कढत पाणी, बेसन-साय, आणि बाल्कनीत बाळंतशेपाची धुरी. पोटभर दूध. गच्च गुंडाळली. पोर अशी झोपली की कुंभकर्णाने येऊन पाया पडावं.

देवळाच्या पायथ्याशी फुमिएबाई वाट बघत होत्या. राखाडी किमोनो, केस बसवलेले. त्यांनी मीनाच्या कपाळावरची काजळाची तीट बघितली, "आ!" म्हणाल्या आणि पर्समधून ओला कागद काढून पुसायला गेल्या. मी त्यांचा हात वरच्या वर धरला.

"दृष्ट लागेल!"

केतकी मध्ये पडली. मग कळलं की त्यांनाही तिथेच काहीतरी लावायचं होतं. त्यांच्याकडे लाल रंगाने बाळाच्या कपाळावर एक अक्षर काढतात, वाईट जवळ येऊ नये म्हणून.

"म्हणजे तीटच की," मी म्हटलं. "मग भांडण कसलं?"

तोडगा निघाला. काळं गालावर, लाल कपाळावर. फुमिएबाईंनी लिपस्टिकने तीन रेघांचं अक्षर काढलं, मी गालावर तीट लावली. मीना निवडणुकीतल्या भिंतीसारखी दिसायला लागली.

वर जाताना लाकडी कमान लागली. कमान दिसली की देवाची हद्द, म्हणून मी चपला काढून कडेला नीट ठेवल्या आणि चालायला लागले. कार्तिकातला गारठा, वाटेवर टोकदार खडी. दहा पावलांवर शिन्या धावत आला.

"आईसान, तुझे पाय कुठे? म्हणजे चपला कुठे?"

"देवळात चपला घालून जातात का रे?"

"इथे चालतात. आत, वरती काढायच्या."

मी मागे गेले, चपला घातल्या. पुढे दगडी टाकी, त्यावर बांबूच्या पळ्या. फुमिएबाईंनी पळीने हात धुतले, मी ओंजळ पुढे केली, तीर्थ म्हणून प्यायले आणि उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवला. मागे रांगेत एक कुटुंब होतं, त्यांच्यातला आजोबा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानेही आपला ओला हात डोक्यावरून फिरवला. केतकीने डोळे मिटून घेतले.

वर गाभाऱ्यात मूर्ती नाहीच. पडदा, एक गोल आरसा, तांदूळ, मीठ. मी केतकीला विचारलं, "देव कुठाय?" ती म्हणाली, "आत आहे, दिसत नाही." आमच्याकडेही असे आहेत, नुसता दगड नाहीतर वारूळ. माझी काही हरकत नव्हती. फुमिएबाईंनी बाळाला छातीशी घेतलं, त्यावर तो भरजरी किमोनो पसरला आणि त्याच्या नाड्या स्वतःच्या मानेमागे बांधल्या. शिवण हातची होती, बारीक, एक टाका चुकलेला नाही. एवढ्या सुंदर कामाचा मला राग येत होता, म्हणून मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आणि मग आत बसल्यावर तो चिमटा.

एक नाही, आणखी दोन काढले. मी मोजत होते. पुजारी लांबच लांब स्वरात काहीतरी वाचत होता, मध्येच "मीना" ऐकू आलं, मग शिन्याचं नाव, केतकीचं. माझं अर्थातच नाही. मग कोपऱ्यातल्या बाईने मोठा ढोल धाड् करून वाजवला. माझ्याच छातीत कळ आली. फुमिएबाई एकदम आशेने खाली बघायला लागल्या. मीनाने जांभई दिली आणि तोंड दुसरीकडे वळवलं.

पूजा संपली, आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो, आणि मग मात्र ह्यांनी एस.टी. स्टँडवर सांगितलेलं सगळं मी विसरले.

"विहीणबाई! तीन वेळा! तेहतीस दिवसांच्या जिवाला! मी महिनाभर या हातांनी तेल लावलं, एक ओरखडा उठू दिला नाही, आणि तुम्ही देवाच्या दारात पोरीला चिमटे काढता? आमच्याकडे सावत्र आईसुद्धा चारचौघांत नाही काढत!"

केतकीने तोंड उघडलं आणि मिटलं. या वेळी दोन शब्दांत मावण्यासारखं नव्हतं. फुमिएबाईंनी भाषांतराची वाटही बघितली नाही. त्या मटकन पायरीवर बसल्या. चेहरा उतरलेला, आणि हात मीनाच्या पाठीवरून फिरवत काहीतरी पुटपुटत राहिल्या. माझा अर्धा राग तिथेच गेला, पण अर्ध्याचं काय करावं कळेना.

"आईसान, तू रागावू नको," शिन्या म्हणाला. "तिने रडायला पाहिजे."

"कुणी? तुझ्या आईने?"

"मीनाने. देवाच्या समोर रडायचं. मग देव ऐकतो, हं, नवीन माणूस आलं."

"आणि नाही रडली तर?"

शिन्याने केतकीकडे बघितलं. मग केतकी म्हणाली, "आई, शिन्याला आणलं होतं तेव्हा तो रडला नव्हता. सबंध वेळ झोपला. आणि मग आठ वर्षांचा होईपर्यंत अर्धा इस्पितळात. दमा. दोनदा तर... त्यांना वाटतं देवाला कळलंच नव्हतं की हे पोर आपल्याकडे आलंय."

"मग?"

"मग आठव्या वर्षी परत आणून रडवला."

"कान पिळला," शिन्या कान दाखवत म्हणाला. "मी खूप रडलो. मग बरा झालो. डॉक्टर बदलला होता तेव्हा, पण आईला सांगायचं नाही."

मी फुमिएबाईंकडे बघितलं. त्या मीनाच्या पावलावर टिचकी मारत होत्या, अगदी हलकी, आपल्यालाच लागेल अशा भीतीने. मीना तोंडातल्या तोंडात हसली. झोपेत सटवाई हसवते तशी.

आणि मला माझी पहाट आठवली. ते तेल, ते कढत पाणी, ती धुरी. पोर रडू नये म्हणून मीच तर केलं होतं सगळं.

"केतकी, त्यांना सांग, माझ्यामुळे झालं. मी जास्त चोळली. ती आता चारशिवाय उठत नाही."

केतकीने सांगितलं. या वेळी पूर्ण सांगितलं असावं, कारण फुमिएबाई माझ्याकडे वळल्या. मग त्यांनी मानेमागे हात नेला, नाड्या सोडल्या, उठल्या, आणि तो किमोनो माझ्या छातीवर पसरून माझ्या मानेमागे गाठ मारली. मीनाला माझ्या हातात दिलं. आणि दोन्ही हात जोडून वाकल्या.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, तुम्हाला तिचं सगळं माहितेय. तुम्ही रडवा."

बघा आता. महिनाभर ज्यासाठी जीव टाकला ते मिळालं. देवाचं दार समोर, पोर माझ्या हातात. आणि काम काय, तर रडवायचं! मी चिमट्यासाठी बोटं नेली. दुपटं सरकवलं तर तिची मांडी, तीन लाल ठिपके, त्याला माझ्याच तेलाचा वास. नाही झालं माझ्याच्याने.

पण तसंच परतायचं कसं? पायरीवर ती बाई उभी, सहा दिवसांनी मी नसणार, आणि पुढे पोरीला साधं पडसं झालं तरी हिच्या जिवात जीव राहायचा नाही. देवाच्या कानावर घालायचंच आहे ना, मी मनाशी म्हटलं, मग पोरीनेच कशाला घालायला हवं?

आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं माझे बाबा घालायचे. मान आमच्या घराण्याचा, पण पुरुषांचा. ते देवासमोर उभे राहून खड्या आवाजात गावाचं सगळं मागणं मागायचे, आणि आम्ही बायका खांबांच्या मागून "व्हय महाराजा" म्हणायचो. मला सगळं पाठ. पण उभ्या आयुष्यात माझ्या वाटणीला आलं ते नुसतं व्हय महाराजा. इथे खांब होते, पण मला मागे उभं करणारं कुणी नव्हतं.

मी मीनाला दोन्ही हातांवर पुढे धरलं आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजाऽऽ!"

वळचणीची कबुतरं उडाली. खाली टाकीवरचा एक माणूस पळी घेऊन तसाच थांबला.

"आई!" केतकी दबक्या आवाजात म्हणाली. "आई, काय करतेयस!"

"व्हय म्हाराजा म्हण."

"इथे?"

"म्हण गो! गाऱ्हाणं अर्धवट सोडूचा नसता!"

"व्हय महाराजा," ती पुटपुटली.

"आज तुझ्या दारात ह्या जा काय लेकरू घेवन इलंव, ता तुझी रयत म्हणान मानून घे रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय महाराजा!" कणकवलीची पोर ती, दुसऱ्या खेपेलाच आवाज आपोआप चढला.

"तुझी भाषा माका येणा नाय, माझी तुका येणा नाय. पण लेकरू खंयच्याच भाषेचा नसता. तेका तुझी सगळी भाषा येवंदे रे म्हाराजा!"

"व्हय महाराजा!" आता शिन्याही होता. त्याचा "व्हय" जरा "होई" झाला, पण मनापासून.

"ह्या माझा, माझा म्हणान मी आजवर छातीक धरून बसलंय. आता मी जातलंय. आजपासून ह्या तुझ्या हवाली. जो कोण ह्येचा वायट चिंतीत, तेका सरळ कर. आणि ही जी दुसरी म्हातारी हा, तिचो घोर मिटव रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी तिसरा आवाज मिसळला, बारीक, किरटा. फुमिएबाई डोळे मिटून, हात जोडून.

आणि माझ्या हातांवर मीनाने एकदम अंग ताणलं. चेहरा लाल झाला. तोंड उघडलं, पण आवाज नाही, इतका वेळ नाही की माझंच काळीज थांबलं. आणि मग जी फुटली! अशी रडली की गाभाऱ्यातला पडदा हलला असं केतकी अजून सांगते. वारा असेल. फुमिएबाई टाळ्या वाजवायला लागल्या, हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी, आणि मीनाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत राहिल्या, जसं काही पोर गातेय.

तेवढ्यात पुजारी बाहेर आला. टोपी जराशी वाकडी झालेली. मी मीनाला छातीशी घेतलं आणि मनात म्हटलं, आता निघतं विमान आजच.

त्याने केतकीला काही विचारलं. तिने लाजत काही सांगितलं. तो "हं, हं" करत राहिला आणि मग माझ्याकडे वळून बरंच बोलला.

"काय? हाकलतोय?"

"नाही. म्हणतायत, देवाने नक्की ऐकलं. खालच्या भाजीवाल्यानेसुद्धा ऐकलं. फक्त एक राहिलं."

"काय राहिलं?"

"इथे देवाशी बोलताना आपलं नाव-पत्ता सांगायचा असतो. नाहीतर त्याला कसं कळणार कोण बोललं आणि कुठून बोललं?"

मी पुजाऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. तो हाताने गाभारा दाखवत होता, या म्हणून. मी मीनाला थोपटत पुन्हा दारासमोर उभी राहिले. 

"मी वैजयंती दिगंबर पेडणेकर. मीनाची आजी, आईची आई. मुक्काम पोस्ट कणकवली, जिल्हा सिंधुदुर्ग. एस.टी. स्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीशेजारी, पहिला मजला. पिनकोड चार एक सहा सहा शून्य दोन."

"आई, देवाला पिनकोड कशाला?"

"असू दे. त्याला आमच्याकडचं कुणी ओळखीचं नाही, चुकायला नको."

फुमिएबाई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी केतकीला हळू आवाजात काही विचारलं, केतकीने सांगितलं, आणि मग त्या देवाकडे तोंड करून माझा पत्ता त्यांच्या भाषेत सांगायला लागल्या, सावकाश, एकेक शब्द तोलून. "कानाकावारी" कळलं. आकडे कळले. मध्येच त्या अडल्या. देवापुढे बोट वर करून त्याला जरा थांबायला सांगितलं आणि परत केतकीकडे वळल्या.

"आता काय?"

केतकीला हसू आवरत नव्हतं आणि एकीकडे ती डोळे पुसत होती.

"विचारतायत, गिरणी डाव्या हाताला येते की उजव्या?"

"स्टँडकडून आलं तर उजव्या," मी म्हटलं.